दाजी, पाव हिस्सा तसाच ठेवलाय

दाजी, काल बीट पार पडलं आणि सर्व्हर बसला नाही, एकदाही बंद पडला नाही.

आधी हेच सांगून टाकते. तुम्ही असता तर दारातून आत पाऊल टाकतानाच हे विचारलं असतंत आणि मी मुद्दाम चहा ओतत, इकडंतिकडं बघत तुम्हाला ताटकळत ठेवलं असतं. आता तसं करण्यात मजा नाही. पाडव्यानंतरचं हळदीच्या लिलावाचं पहिलं मोठं बीट होतं. हळदीच्या गाड्या आखाडा बाळापूरच्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, सगळे काटे चालू, सगळ्या खिडक्यांवर गर्दी, आणि आपला तो करडा डबा कोपऱ्यात निवांत घूं घूं करत चाललेला. शेतकऱ्यांनी उभ्या उभ्या हिशेबाच्या पट्ट्या घेतल्या आणि गाड्या वळवल्या. मला खरं तर नाचायचं होतं. पण तुम्हाला जाऊन अजून फार दिवस झाले नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून खुर्चीत गच्च बसून राहिले.

तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून झालंय सगळ्यांचं. शोकसभेत अध्यक्षांनी तुम्हाला हळद संघाचा कणा म्हटलं. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं आलं. फोटोत तुम्ही शर्टाचं वरचं बटण लावून बसलाय, जे तुम्ही स्वतःच्या लग्नातसुद्धा लावलं नव्हतं असं अक्का सांगते. ते सगळं त्यांच्याकडं राहू द्या. मी फक्त आपल्या भांडणाचं बोलते, कारण ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

अक्काचा नवरा म्हणून तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी शाळेत होते. हिंगोलीला कॉम्प्युटरचं शिकून परत आले, तर तुम्हीच मला संघाच्या कॉम्प्युटर खोलीत दुसऱ्या खुर्चीवर आणून बसवलंत. दाजी आणि मेव्हणी एका खोलीत कामाला, म्हणून गावानं सुरुवातीला भरपूर चेष्टा केली. मग आपली भांडणं खिडकीबाहेर ऐकू जायला लागली आणि चेष्टा आपोआप बंद पडली.

भांडण कशाचं, ते इतर कोणी हे वाचत असेल तर त्यांना सांगावं लागेल. तुम्ही जरा गप्प बसा. सर्व्हरमध्ये मेमरी असते, ती मोजकी असते. शेतकऱ्यांची नावं, वजनं, भाव, पट्ट्या, हे सगळं सांभाळतो तो डेटाबेस. डिस्कवरून माहिती काढायला त्याला वेळ लागतो, मेमरीत असली तर झटकन मिळते. म्हणून एकूण मेमरीतला काही हिस्सा डेटाबेसच्या नावानं राखून ठेवायचा असतो. किती ठेवायचा, हे आपण ठरवायचं. दाजींनी पाव हिस्सा ठेवला होता. माझं म्हणणं होतं, अहो, हे मशीन दुसरं करतंय काय? पाऊण हिस्सा द्या.

तुम्ही मान हलवायचात. ती मान हलवण्याची तऱ्हा बघून माझं डोकं तिथंच तापायचं.

"राहू दे रेखा," तुम्ही म्हणायचात. "बाकीची रिकामी न्हाई. ती बी कामातच हाय."

कामात कशी, तेही तुम्ही समजावलं होतंत, ते मी नाकारत नाही. मशीनची मूळ व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, उरलेल्या मेमरीत डिस्कवरची पानं आपणहून धरून ठेवते, डेटाबेसनं मागितली की लगेच हातात देते. तिच्या हातातलं काढून सगळं डेटाबेसला दिलं तर दोघांचीही तकलीफ वाढेल, असं तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, हा तुमचा कंजूषपणा आहे. हंगामात दर मोठ्या बिटाला सर्व्हर बसायचा, खिडक्यांवर आरडाओरडा व्हायचा, तुम्ही घाम पुसत तो पुन्हा चालू करायचात आणि मी मागं उभी राहून एकच शब्द म्हणायचे, पाव. जेवणाच्या सुट्टीत तेवढं भांडण थांबायचं. अक्काचा डबा उघडला की आपण दोघं मिळून वरणात मीठ कमी आहे यावर एक व्हायचो.

अक्का म्हणायची, घरात दोन लेकरं आहेत त्यांची मला फिकीर नाही, तुमच्या त्या मेमरीला तेवढं चपलांजवळ बाहेर ठेवून येत जा.

कंजूष हा शब्द तुम्हाला लागायचा, हे मला ठाऊक होतं. मी तो मुद्दाम वापरायचे. कारण जगात कोणी तुम्हाला कंजूष म्हणालं नसतं. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला तुमच्या भावांची मेंढरं, थोडं वावर, घरात फार नव्हतं, पण तुमच्या घरून कोणी उपाशी परत आलेलं मी बघितलं नाही. औंढ्याला भंडारा असला की वाढायला तुम्ही पुढं. लोक पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरायचे, आणि तुम्ही बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचात. माझ्या साखरपुड्यात नवऱ्याकडच्या पाहुण्यांना तुम्ही इतका आग्रह केलात की त्यातले एक गृहस्थ हात न धुताच मांडवाबाहेर पळाले. पाहुणा नको म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे तुमचं पक्कं मत होतं.

मग तुम्ही गेलात. रोजच्यासारखे घरी गेलात आणि सकाळी अक्काचा फोन आला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, आणि लिहिणारही नाही.

दहाव्याला पूर्णेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले, एक खाली येईना. तुमच्या थोरल्या भावानं हात जोडून सांगितलं, मेंढरं मोडणार नाही. कावळा जागचा हलला नाही. अक्कानं सांगितलं, पोरीला पाहिजे तेवढं शिकवीन. तरी नाही. ऊन वर आलं, लेकरं कुरकुरायला लागली, कोणीतरी म्हणालं, आता अजून कशात जीव अडकलाय? आणि अक्कानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे तुम्हालाही माहीत होतं. पण अक्काची ती नजर बघून मी पुढं गेले, हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दाजी, पाव हिस्सा पावच राहील. मी हात लावणार न्हाई."

कावळा आला. पंख पसरून सरळ पिंडावर उतरला.

त्याला भूक लागली असेल, असं मी आजही म्हणते. पण माझी तर चांगलीच गोची झाली. परत येताना तुमच्या चुलत्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, पाव हिस्सा नेमका कोणत्या वावराचा? त्यांना समजावता समजावता माझा जीव मेटाकुटीला आला. एवढ्या वर्षांचं भांडण, आणि तुम्ही ते एका कावळ्याकरवी जिंकून गेलात.

पंधरवडा गेला आणि अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. बाहेरची एक कंपनी आली होती. आपली सगळी नोंद त्यांच्या मशीनवर न्यायची, आपली खोली बंद, सर्व्हर भंगारात, मला निरोप. अध्यक्ष माणूस वाईट नाही. ते म्हणाले, तुझे दाजी होते तोवर मी थांबलो, आता दर बिटाला शेतकऱ्याच्या शिव्या मी काहून खाऊ? मी फक्त एक बीट मागितलं. ते विचार करून म्हणाले, पाडव्यानंतरचं पहिलं बीट बघू, सर्व्हर बसला तर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कागदावर सही.

आता माझी अवस्था बघा. जी एक गोष्ट केली की सगळं सुरळीत होईल असं मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते, तीच करायची मला बंदी. आणि बंदी घालणारी मीच. मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही, अक्का वाचणार आहे.

पण वचन खऱ्या सर्व्हरचं होतं. कपाटामागं पडलेल्या जुन्या मशीनचं नव्हतं. मी ते पुसून काढलं, त्यावर आपल्या डेटाबेसची नक्कल चढवली आणि ऐटीत पाऊण हिस्सा देऊन टाकला. बिटाच्या दिवसासारखं काम त्याच्या अंगावर सोडलं. मला वाटलं, आता उडेल. ते पाव हिश्श्यापेक्षाही आधी गुदमरलं. मूळ व्यवस्थेच्या हातात काही उरलंच नाही, ती मेमरीतला माल उचलून डिस्कवर टाकायला लागली, आणि सगळं रांगायला लागलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तुम्ही बाजूला नव्हतात हे बरं, नाहीतर तुमची ती मान मला बघावी लागली असती. दाजी, पाव हिश्श्याचं तुमचं बराबर होतं. घ्या, लिहून दिलं.

पण मग बिटाला सर्व्हर बसायचा कशानं? हा प्रश्न आपण दोघांनी कधी विचारलाच नाही. आपण पाव की पाऊण एवढ्यावरच जुंपलेले.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी खिडक्यांवरच्या सगळ्यांना बोलावलं, भजी मागवली, आणि सांगितलं की मी म्हणेन तेव्हा सगळ्यांनी एकदम पट्टी काढायची. मी सर्व्हरच्या पडद्यासमोर बसले. काढा, मी म्हणाले. मेमरी भराभर भरत गेली. मी डोळे फाडून बघत होते, कोण खातंय, कोण खातंय. डेटाबेसचा राखीव पाव हिस्सा जागच्या जागी होता. खात होती ती एकेक खिडकी. डिस्कची कुरकुर सुरू होताच मी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं.

डेटाबेसमध्ये राखीव हिश्श्याखेरीज अजून एक गोष्ट ठरवायची असते. जो कोणी जोडला जाईल, त्याला आकडे क्रमानं लावायला, बेरजा करायला स्वतःपुरती किती मेमरी वापरू द्यायची. वर्क मेमरी म्हणतात तिला. ती जेवढी लिहाल तेवढी प्रत्येकाला मिळते, आणि एकाच कामात दोनतीनदा आकडे लावायचे असले तर दोनतीनदा मिळते. मी आपला आकडा उघडून बघितला आणि बघतच राहिले. एवढी वर्क मेमरी तर एखाद्या मोठ्या शहरातल्या कचेरीतही कोणी कोणाला देत नसेल.

मग आठवलं. वार्षिक सभेचा अहवाल. अध्यक्षांना सगळ्या वर्षाची आवक गावानुसार लावून हवी होती, ते काम संपता संपत नव्हतं, आणि तुम्ही आकडा वाढवत म्हणाला होतात, "घे म्हणावं, पोटभर घे." अहवाल झटक्यात निघाला, अध्यक्ष खूश, तुम्ही खूश, आणि आकडा तसाच राहिला. एका पाहुण्याला वाढलेलं ताट तुम्ही अख्ख्या पंगतीला लावून ठेवलंत. बिटाच्या दिवशी सगळ्या खिडक्या, सगळे काटे, मोबाइलवर भाव बघणारे शेतकरी, जो येईल त्याच्या पानात ढीग. मुदपाकखाना रिकामा होणार नाही तर काय होईल? आणि मी तुम्हाला इतकी वर्षं कंजूष म्हणत होते.

मी हसले. एकटी खोलीत मोठ्यानं हसले, भजी खाणारे दारातून डोकावले. मग रडले. कोणाला सांगू की दाजी चुकले होते आणि कसे चुकले होते? या एका चुकीत तुम्ही जेवढे पूर्ण होतात तेवढे त्या फ्लेक्सवर नव्हतात.

वर्क मेमरी मी खाली आणली. पट्टी काढायला लागते तेवढीच, वर थोडी. अहवालाच्या कामापुरती वेगळी वाढवायची सोय असते, ती केली, म्हणजे अध्यक्षांचं पोट भरेल आणि पंगतही जेवेल. राहिलं एक. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, याची मर्यादा तुम्ही मोकळी सोडली होती. तुमचे भाऊ पाण्यावर मेंढरं सोडतात तशी माणसं टप्प्याटप्प्यानं आत सोडली की कोणी तहानलेलं राहत नाही, फक्त जरा थांबावं लागतं. पण ही मर्यादा बदलायची तर डेटाबेस बंद करून पुन्हा लावावा लागतो.

तिथं माझा हात अडला. तो कधीपासून चालू आहे ते पडद्यावर दिसत होतं. तुम्ही लावलेला होता. हंगाम नसल्यानं मधे कोणाला तो बंद करायची गरज पडली नव्हती. तुम्ही गेलात, दहावा झाला, तेरवी झाली, तुमचे कपडे वाटून झाले, आणि हा आपला तुमच्या हातानं चालू झालेला तसाच चालू होता. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसून राहिले.

अक्का डबा घेऊन आली. तुम्ही गेल्यावरही ती दोघांचा डबा करते, मी काही बोलत नाही, जेवते. तिनं विचारलं, काहून बसून राहिली अशी? मी सांगितलं. हे दाजींनी लावलेलं आहे, बंद केलं की संपलं.

अक्का पडद्याकडं बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नाही, पण तुमचं नाव सर्व्हरवर लिहिलेलं असावं तशी तिनं ती ओळ डोळे बारीक करून वाचली. मग म्हणाली, "चालू राहून बी ते काही येणार न्हाईत. त्यांचं काम राहिलं पाहिजे. कोणतं बटण हाय?"

मी दाखवलं. तिनं पदराला हात पुसला आणि बटण दाबलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. मग एकेक ओळ वर यायला लागली, आणि डेटाबेस उठला. अक्का म्हणाली, लागलं की. आणि डबा उघडायला लागली.

आता कालचं. बीट पुकारायला सुरुवात झाली तशी खिडक्या भरल्या. दर वेळी जिथं सर्व्हर बसतो ती वेळ आली, मी पडद्याला डोळे लावून. मेमरीची रेघ वर चढली, चढली, आणि एका जागी येऊन उभी राहिली. तिथून हलेना. काट्यावरची वजनं येत होती, पट्ट्या निघत होत्या, रांगेतले थांबत होते आणि आत जात होते. उरलेल्या मेमरीत मूळ व्यवस्था भावाची पानं धरून बसलेली, डिस्क जवळजवळ गप्प. तुमचा पाव हिस्सा आणि माझा आकडा, दोन्ही शेजारी शेजारी बसून कामाला लागलेले. एवढं गुण्यागोविंदानं आपण दोघं त्या खोलीत कधी बसलो नव्हतो. एका हमालानं हळदीचा पिवळा हात दाराला लावून आत डोकावून विचारलं, आज बंद पडायचा टाइम झाला न्हाई का बाई? मी म्हणाले, तो टाइम गेला.

बीट उरकल्यावर अध्यक्ष स्वतः खोलीत आले. नवीन मशीन कधी घेतलं, असं त्यांनी विचारलं. घेतलं नाही, मी म्हणाले. मग मेमरी वाढवली असेल? मी म्हणाले, "न्हाई साहेब. कमी केली."

त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. त्यांनी तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. खोली राहिली, सर्व्हर राहिला, मी राहिले. जाताना त्यांनी विचारलं की आता यात अजून काही बदल करायचं बाकी आहे का.

मी तोंड उघडलं. सवयीनं. एवढी वर्षं या प्रश्नाला माझ्याकडं एक तयार उत्तर होतं, आणि ते द्यायचा अवकाश की तुम्ही मान हलवायचात. मी पडद्याकडं बघितलं. सगळं जिथल्या तिथं होतं. काहीच बाकी नव्हतं, असं मी त्यांना सांगितलं.

रात्री घरी जाताना आनंद माझ्या अंगात मावत नव्हता आणि रडूही थांबत नव्हतं. दाजी, पाव हिश्श्यात तुम्ही जिंकलात. वाढपात मी जिंकले. हिशेब बरोबर बसलाय, आता भांडायला जागा उरली नाही. एवढं चोख काम मी आयुष्यात केलेलं नाही, त्यात खोट निघणार नाही, मी पैजेवर सांगते. तुम्हाला पटत नसेल तर या, तुमच्या खुर्चीत बसा आणि मला खोटं पाडून दाखवा.